अपील नाही तर आऊट नाही

परवा आमच्या गावच्या टेनिस बॉल टुर्नामेंटमध्ये मी अंपायर होतो. आमच्याकडे अंपायर कोण होतो, तर ज्याला बॅटिंग जमत नाही, बॉलिंग जमत नाही, पण घरी पांढरी टोपी आहे तो. पहिलं बक्षीस बोकड होतं, त्यामुळे वातावरण वर्ल्ड कपपेक्षा टाईट. तर झालं असं की सेमीफायनलला बॅटची कड लागून बॉल सरळ कीपरच्या हातात गेला, आवाज मी स्वतः ऐकला, अन् नेमकं त्याच वेळेला बाजूच्या रस्त्यावर कापसानं भरलेल्या ट्रॅक्टरची ट्रॉली गड्ड्यात फसली, तर अख्खी फिल्डिंग तिकडं बघत होती. कीपरनं बॉल पकडला अन् तोही तिकडंच बघायला लागला. कोणी काहीच बोललं नाही. मी पण नाही बोललो. बॉलर वळला, पुढचा बॉल टाकला, सिक्स. त्याच्या पुढचा टाकला, परत सिक्स. मग कीपरला आठवलं.

"भाऊ, मघाशी आवाज आल्ता ना?"
"आल्ता."
"मंग देल्ला काऊन नाई?"
"तुम्ही मांगितला काऊन नाई?"
"मांगा लागते का बे?"

मांगा लागते. क्रिकेटच्या कायद्यांत ३१ नंबरचा कायदाच अपीलचा आहे. कोणी विचारल्याशिवाय अंपायरनं आपल्या मनानं आऊट द्यायचं नाही, अन् विचारायचं ते पुढच्या बॉलसाठी बॉलरनं धावायला सुरुवात करायच्या आत. तो धावला की मागचं सगळं मेलं. बॅट्समन स्वतःहून निघून गेला तर गोष्ट वेगळी, पण बोकडासाठी खेळणारा माणूस स्वतःहून जातो का, तुम्हीच सांगा. मी हे समजावून सांगितलं तर पोट्टे म्हणे हा आंतरराष्ट्रीय नियम आहे, गावात नाही चालत. अंधार पडेस्तोवर वाद चालला. ती टीम हरली अन् आता त्यातले दोघं मला पानठेल्यावर दिसले की खर्रा घोटता घोटता दुसरीकडं बघतात.

पण मी लिहायला बसलो ते मॅचसाठी नाही. बाबा तिथं शाळेच्या भिंतीवर बसून मॅच बघत होते. घरी जाताना अर्ध्या रस्त्यात एवढंच म्हणाले, "तुमच्या खेळात बरं हाये बावा. येक बॉल गेला का सपलं." अन् पुढं घरापर्यंत काही बोलले नाहीत. कशाबद्दल म्हणाले ते मला लगेच समजलं. ते सांगतो, पण त्याला थोडं फिरून यावं लागेल.

मला रात्री वाचायची सवय आहे. सवय म्हणजे काय, हरभऱ्याच्या दिवसांत जागल असते, रानडुकरं एका रात्रीत एकर साफ करतात, तर मचाणावर बसून रात्रभर करायचं काय, रेंज असली की मोबाईलवर जे सापडेल ते वाचतो. मागच्या हिवाळ्यात मला एक नादच लागला होता, की बोलणं हा खेळ आहे का. म्हणजे लोकं म्हणतात ना की बोलण्यात हरवलं, शब्दात पकडलं, डाव टाकला, पलटी मारली. सगळे शब्द खेळातले अन् कुस्तीतले. तर खरंच नियम आहेत का त्याला? निघालं की यावर लय मोठमोठ्या माणसांनी डोकं लावलेलं आहे.

पहिली गोष्ट म्हणजे पाळी. पत्त्यात जशी पाळी असते तशी बोलण्यात पण असते. सॅक्स, शेग्लॉफ अन् जेफरसन अशा तिघांनी १९७४ मध्ये साध्या साध्या गप्पांच्या टेप ऐकून ऐकून ते लिहून काढलं. बोलणाऱ्यानं पुढचा माणूस निवडला तर बोलायची पाळी त्याची, नाही निवडला तर जो आधी तोंड उघडेल त्याची, कोणीच नाही उघडलं तर पहिलाच पुढं चालू ठेवू शकतो. संपलं. आमच्या पारावर बसून पाहा, हेच चालतं, फक्त आमचा एक म्हातारा आहे तो तिसरा नियम तेवढा पाळतो. अन् पाळी बदलायला वेळ किती लागतो, तर २००९ मध्ये दहा वेगवेगळ्या भाषांवर अभ्यास झाला, त्यात एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला साधारण २०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा हिस्सा. गंमत ही की साधं एखादं चित्र बघून त्याचं नाव तोंडातून निघायलाच ६०० मिलिसेकंदाच्या आसपास लागतात. म्हणजे समोरच्याचं ऐकून होईपर्यंत आपण थांबतच नाही, त्याचं अर्ध्यात असतानाच आपलं उत्तर आत तयार व्हायला लागलेलं असतं. बॅट्समन बॉलरचा हात बघून आधीच पाय काढतो तसंच. बायको मला नेहमी म्हणते की तुम्ही ऐकत नाही, नुसती उत्तरं तयार ठेवता. तिला हे दाखवलं मी. काही फायदा झाला नाही.

आमच्याकडचे आपले नियम वेगळे. कोणी काही सांगत असेल तर ऐकणाऱ्यानं हूं द्यायचा. हूं नाही दिला तर सांगणारा मध्येच थांबतो अन् म्हणतो, "झोपला का बे?" आमची आजी गोष्ट सांगायची तर हूं थांबला की गोष्ट बंद, मग कितीही रडा. कबड्डीत जसा दम तुटला की बाद, तसा इथं हूं तुटला की बाद, फक्त कबड्डीत बोलणाऱ्याचा दम मोजतात अन् इथं ऐकणाऱ्याचा.

अन् "जेवले का?" हे तर सगळ्यांना माहीत आहे. सकाळी दहापासून रात्रीपर्यंत रस्त्यात कोणीही भेटलं की जेवले का. याचं उत्तर हो. पोट रिकामं असलं तरी हो, कारण तो प्रश्नच नाही, ती सलामी आहे. एकदा कसल्याशा सर्व्हेसाठी पुण्याकडचा एक पोरगा आमच्या गावात आला होता, बिचारा खरं बोलणारा. पहिल्या घरी विचारलं जेवले का, तो म्हणे नाही अजून. आता नाही म्हटल्यावर त्या घरच्या बाईला पाट टाकणं भाग आहे. दुसऱ्या घरी विचारलं तर म्हणे हो, आत्ताच तिकडं जेवलो, तर या बाईला राग की तिकडं जेवले अन् आमच्याकडं नाही, घ्या अर्धी भाकर तरी. तीन घरांत जेवला तो. चौथ्या घरी जायच्या आधी मीच त्याला धरून सांगितलं की बाबू, फक्त हो म्हण अन् पुढं चाल.

बरं, कडक नियमांचं बोलणं बघायचं असेल तर आमचा मिस कॉल बघा. वावरात मोटर आहे, घरून वावर दोन किलोमीटर. एक मिस कॉल म्हणजे लाईन आली. दोन म्हणजे मोटर सुरू झाली, आता डोकं खाऊ नका. तीन म्हणजे पाइप फुटला, कोणीतरी या. याच्यात टोमणा मारता येत नाही, लाड करता येत नाही, खोटं मात्र बोलता येतं, मी एकदा झोपेतूनच दोन मिस कॉल देले होते. हा झाला खेळ. याला बोलणं म्हणायचं का? मला नाही वाटत. कारण खऱ्या बोलण्यात माणूस नियम मोडूनच जास्त बोलतो.

हे नीट सांगतो, कारण इथंच खरा फरक आहे. पॉल ग्राइस म्हणून एक तत्त्वज्ञ होता, त्यानं १९६७ मध्ये हार्वर्डला व्याख्यानं देली, ते लिखाण छापून आलं १९७५ ला. तो म्हणतो बोलताना आपण एकमेकांवर भरवसा ठेवतो की समोरचा पाहिजे तेवढंच बोलेल, खरं बोलेल, विषयाला धरून बोलेल अन् समजेल असं बोलेल. मी म्हटलं हा माणूस आमच्या गावात कधी आला नाही. पण पुढं वाचलं तर त्याचा मुद्दा उलटाच होता. हे नियम कोणी उघडउघड मोडले की ऐकणारा असं नाही म्हणत की फाऊल झाला, तो विचार करतो की यानं मुद्दाम मोडला, मग याला सांगायचं काय आहे.

सोयरीक बघायला आलेली माणसं आमच्याकडं मुलाच्या घरी जायच्या आधी बस स्टॅंडवर चहा घेतात. दारव्ह्याहून उतरलेले दोघं तिघं, धुतलेले कपडे, हातात पिशवी, विचारतात की अमक्याचा पोरगा कसा आहे. आता चहावाल्याला गावात राहायचं आहे, तो वाईट बोलू शकत नाही. तो कप धुता धुता म्हणतो, "बापमानूस लय चांगला होता बावा त्याचा." बस. विचारलं पोराबद्दल, सांगितलं बापाबद्दल, एक शब्द खोटा नाही, एक शब्द वाईट नाही. त्या माणसांनी चहा संपवला अन् परतीची गाडी कितीला आहे ते विचारलं. मी स्वतः बघितलं आहे हे. बुद्धिबळात घोडा सरळ चालवला तर ती चाल धरत नाहीत, परत ठेवायला लावतात. बोलण्यात घोडा सरळ चालवला तर लोकं समजून जातात की याला घोड्याबद्दल काहीतरी सांगायचं आहे.

आता खेळ म्हणजे तरी काय हा प्रश्न विट्गेनस्टाइननं विचारला होता. हा माणूस मला आवडतो, कारण एवढा मोठा तत्त्वज्ञ १९२० ते १९२६ ऑस्ट्रियाच्या खेड्यांत प्रायमरी शाळेचा मास्तर होता. तो १९५१ ला गेला अन् त्याचं मुख्य लिखाण १९५३ ला बाहेर आलं. त्यात तो म्हणतो, सगळ्या खेळांत सारखी अशी एकच गोष्ट काढून दाखवा, नाही निघत, नुसतं एका घरातल्या माणसांचं नाकडोळं जसं थोडं थोडं जुळतं तेवढंच जुळतं. अन् एक चित्र उभं करतो, की काही लोकं कुरणात बॉल घेऊन खेळून राहिले, एक खेळ सुरू करतात अन् अर्धा सोडतात, मध्येच नुसता बॉल उंच फेकतात, एकमेकांच्या मागं पळतात, अन् बघणारा कोणी म्हणतो की हे सगळा वेळ एकच खेळ खेळत आहेत अन् प्रत्येक फेकीला नियम आहे.

मला हे वाचून आमचं खळ्यातलं क्रिकेट आठवलं. तुरीत बॉल गेला तर दोन, विहिरीत गेला तर आऊट अन् मारणाऱ्यानंच काढायचा, एक टप्पा एक हात चालेल, पण ज्याची बॅट त्याला पहिल्या बॉलवर आऊट नाही. हे नियम सकाळी नव्हते. विहिरीचा नियम विहिरीत बॉल गेल्यावर झाला. बोलणं हे टुर्नामेंटपेक्षा या खळ्यातल्या क्रिकेटसारखं जास्त आहे असं मला वाटतं, खेळता खेळता नियम होतात, अन् ज्याची बॅट त्याचे जरा जास्त होतात.

अन् आता येतो मुद्द्यावर. डेव्हिड लुईस म्हणून एक अमेरिकन तत्त्वज्ञ, त्यानं १९७९ मध्ये बोलण्याची तुलना बेसबॉलशी केली. म्हणे बोलताना पण एक स्कोअरबोर्ड चालू असतो, काय ठरलं, काय सगळ्यांनी मानलं, कोणाबद्दल चाललं आहे, ते सगळं दोघांच्या डोक्यात लिहिलं जातं अन् दर वाक्याला बदलतं. इथपर्यंत खेळच. पण फरक काय, तर बेसबॉलमध्ये चार बॉल बाहेर पडले की बॅटर फुकटात पहिल्या बेसवर जातो. एखादा तीनवरच चालायला लागला तर त्याच्या चालण्यानं तिनाचे चार होत नाहीत, त्याला परत बोलावतात. बोलण्यात मात्र होतात! कोणी असं वागला की चार झालेच आहेत, अन् कोणी टोकलं नाही, तर स्कोअरबोर्ड स्वतःच हलतो अन् चार होऊन जातो.

साधं उदाहरण सांगतो. लग्नाच्या पंगतीत एकानं माझ्या चुलतभावाला विचारलं, "मंग तुह्या गाडीच्या हप्त्याचं काय झालं?" आता गाडी हप्त्यावर आहे हे गावात कोणालाच माहीत नव्हतं, तो सगळ्यांना नगदी सांगत होता. पण प्रश्न असा आला की हप्ता आहेच, विचारायचं फक्त त्याचं काय झालं. भाऊ म्हणे, "भरून राहिलो ना." झालं. अर्ध्या सेकंदात पंगतीतल्या चाळीस लोकांच्या वहीत लिहिलं गेलं. कोणी सांगितलं नाही, कोणी कबूल केलं नाही, तरी झालं.

आमच्या घरी हेच झालं, फक्त गाडीच्या जागी विहीर होती.

वाटणी झाली तेव्हा मी नववीत होतो. बाबा मोठे, काका लहान. वावर अर्धं अर्धं, विहीर धुऱ्यावर, म्हणजे मधल्या बांधावर, दोघांची मिळून. आता विहीर दोघांची म्हटलं तरी लाईन काही दोघांची नाही, थ्री फेज कधी दिवसा येते कधी रात्री, म्हणून कोणाच्या पाळीत काय हे ठरवणं लय महत्त्वाचं. ओसरीवर पंच बसले होते. (आता लिहिता लिहिता ध्यानात आलं की मराठीत क्रिकेटच्या अंपायरला पण पंचच म्हणतात.) बैलाचं झालं, बंडीचं झालं, घराच्या दोन खोल्यांचं झालं, आजी कोणाकडं राहील यावर आजीच रागावून उठून गेली. अन् मग काका म्हणाले, अगदी सहज, सुपारी कातरता कातरता, "दिवसाची मोटर तं माह्याकडंच हाये, थे सोडून बाकीचं बोला."

ते सोडून बाकीचं बोला. म्हणजे हे तर झालेलंच आहे. कधी झालं होतं? कधीच नाही. त्या सालात बाबाची कंबर धरली होती म्हणून दिवसाचं ओलित काका बघत होते एवढंच. पण वाक्य असं आलं की ते आधीपासून वहीत लिहिलेलं होतं, अन् पंच म्हणाले बरं मग कडब्याचं काय. बॉलर धावला.

मी बाबाला नंतर खूपदा विचारलं की तुम्ही तेव्हाच काऊन नाही बोलले. तर ते म्हणतात, "मले वाटलं पंच बोलन." इतकी माणसं बसली होती, सगळ्यांना माहीत होतं. पण पंचाला कोणी विचारलं नाही, अन् न विचारता तो आऊट देत नाही.

पुढं चार सालं गाडं चाललं तसं चाललं. रात्रीचं ओलित बाबाकडं. ज्यानं जानेवारीच्या रात्री दोन वाजता दांडात पाय टाकून पाणी फिरवलं नाही त्याला हे नाही समजणार, बोटं आहेत का नाही ते बघावं लागतं, अन् साप पण तेवढ्याच कामासाठी तिथं असतो. पाचव्या साली पाऊस दगा देऊन गेला, विहिरीत पाणी चार तासाचं, अन् दिवसाची मोटर चालली की रात्रीला खाली नुसता गाळ. तेव्हा बाबानं अपील केलं. चार वर्षांनी. धुऱ्यावर उभं राहून म्हणाले, "दिवसाचं तुह्याकडं राहीन असं कधीच ठरलं नवतं."

काका म्हणाले, "मंग तवा काऊन नाई बोलला दादा?"

आता मी अंपायर म्हणून विचार केला तर काका बरोबर आहेत. चार वर्षं म्हणजे किती हजार बॉल झाले. पण बोलण्यात असा कायदाच नाही की पुढचा बॉल पडला की मागचा मेला. कोणतंही जुनं वाक्य कधीही वर येऊ शकतं, आमच्या आईला बाबांचं १९९१ चं एक वाक्य तारखेसकट पाठ आहे. त्या दिवशी परवा भिंतीवरून उठताना बाबांना जे बरं वाटलं ते हेच होतं. मला खरं सांगायचं तर नाही वाटत बरं. खेळाचं ठीक आहे, खेळ संपवायचाच असतो, बोकड द्यायचं असतं कोणाला तरी. पण गावात जर असं असतं की वेळेवर नाही बोललात तर कायमचं गेलं, तर अर्ध्या गावाला कधीच न्याय मिळाला नसता, कारण आमच्याकडच्या अर्ध्या लोकांना वेळेवर बोलताच येत नाही, त्यांना घरी गेल्यावर सुचतं.

तर वादात काका जिंकले. जिंकून मिळालं काय, दिवसाची मोटर. ती पुढच्याच महिन्यात जळली, अन् विहिरीतून मोटर वर ओढायला चार माणसं लागतात, त्यातले दोन आम्ही होतो. त्यांना मजुरी देऊन बाहेरची माणसं आणावी लागली. बाबा बांधावर उभे राहून बघत होते, हात मागं बांधून.

अन् मग अबोला. अबोला ज्यांनी बघितला नाही त्यांना वाटतं अबोला म्हणजे गप्प बसणं. नाही ना बाप्पा! अबोल्याइतके कडक नियम कोणत्याच खेळात नाहीत. समोरून आला तर चपलीकडं बघायचं. काही सांगायचंच असेल तर तिसऱ्याकडून, तो तिसरा दोघांच्या मध्ये उभा असला तरी चालतो, पण पाहिजे. आमच्याकडं हा तिसरा म्हणजे काकाचं लहान पोट्टं. "तुह्या बाबाले सांग, ढोरं आमच्या तुरीत येऊन राहिले." काका समोर दहा हातावर, सगळं ऐकू येतं, तरी ते पोट्टं जाऊन सांगायचं अन् उत्तर घेऊन परत यायचं. बायांना नियम लागू नाही, आई अन् काकूचा भाजीचा डबा रोज भिंतीवरून जात येत होता. मयतीत बोललेलं धरत नाहीत. आजी गेली तेव्हा दोघं तेरा दिवस बोलले, लाकडाचं, जेवणाचं, पाहुण्यांचं, अन् तेरवीच्या दुसऱ्या दिवशी सकाळपासून परत बंद, जसा काही लंच ब्रेक झाला होता. बुद्धिबळात तीच पोझिशन तिसऱ्यांदा आली तर ड्रॉ मागता येतो, आमच्याकडं तीच पोझिशन सहा वर्षं रोज येत होती अन् मागायचा कोणी, मागायला बोलावं लागतं.

पोळ्याला मात्र एक मजा झाली. आमच्याकडं तोरणाखाली बैलं उभी राहिली की झडत्या म्हणतात, एकानं एक टाकायची, दुसऱ्यानं त्यावर दुसरी. झडतीत सरपंचाला म्हणा, सावकाराला म्हणा, जावयाला म्हणा, राग धरायचा नाही हा नियम. एका म्हाताऱ्यानं बाबा अन् काका दोघांच्या जोड्या शेजारी उभ्या बघितल्या अन् सुरू झाला:

काया वावरात विहीर खोल,
दोघा भावायचे तुटले बोल,
पानी म्हने मी वर येऊ कसं,
गावात झालं तुमचं हसं.
एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!

अख्खं गाव महादेव म्हणालं. त्या दोघांना पण म्हणावं लागलं, हात वर करून, एका सुरात. काकाच्या तोंडावर हसू आलेलं मी बघितलं, बाबानं बैलाचं बाशिंग नीट करायच्या निमित्तानं तोंड फिरवलं. तोरण तुटलं, बैलं घरी गेली, अन् दुसऱ्या दिवशी कोणीच त्याबद्दल बोललं नाही कारण झडतीतलं झडतीतच राहतं. पारावर बसून कोणी हेच साध्या शब्दांत म्हटलं असतं तर काठ्या निघाल्या असत्या.

अन् मग मागच्या हिवाळ्यात ती रात्र. मी मचाणावर. लाईन रात्रीची, बाबा दूरच्या टोकाला पाइप बदलायला गेले होते. काकाच्या तिकडं डुकरं शिरली म्हणून ते बॅटरी घेऊन आले होते अन् जाता जाता विहिरीजवळ थांबले, कारण आमचा पाइप मोटरजवळच निसटला होता अन् पाणी नुसतं धुऱ्यावर चाललं होतं. त्यांनी स्टार्टर बंद केला. मला वरून फक्त दोन बॅटऱ्या दिसत होत्या, एक विहिरीजवळ, एक पऱ्हाटीच्या बाजूनं येणारी. बाबांना वाटलं विहिरीजवळ मी आहे.

"बंद केली का रे मोटर?"

अन् काका म्हणाले, "केली ना दादा."

मी वर श्वास धरून बसलो. दोन्ही बॅटऱ्या जागच्या जागी थांबल्या, मग खाली जमिनीकडं झाल्या. आता याला काय म्हणायचं? प्रश्न काकाला विचारलेलाच नव्हता. चुकीच्या माणसाला टाकलेला बॉल, त्यानं तो खेळला. टुर्नामेंट असती तर मी डेड बॉल देला असता, परत टाका. पण परत टाकायचं म्हणजे बाबांना म्हणावं लागलं असतं की मी तुला नाही विचारलं, अन् तेवढं म्हणायला पण बोलावंच लागलं असतं. खाली एक मिनिटभर काहीच आवाज नाही, मग पाइपाचा क्लॅम्प दगडानं ठोकल्याचा आवाज आला, टक् टक्, अन् एकानं ठोकला तर दुसऱ्यानं पाइप धरलेला असणार, एकट्यानं ते होत नाही. मग एक बॅटरी तिकडं गेली, एक इकडं आली. बाबा मचाणाखाली येऊन मला म्हणाले, "जागा हाये का?" मी म्हटलं हो. "झोप मंग."

सकाळी मी धुऱ्यावर होतो. काका तिथंच बसून विळ्याला धार लावत होते. त्यांचं पोट्टं बाजूला बोरं खात होतं. बाबा आले, चार हातावर उभे राहिले अन् पोट्ट्याला म्हणाले, "तुह्या बाबाले इचार, आज लाईन कितीची हाये."

काकानं मान वर केली नाही. विळ्यावरून बोट फिरवत म्हणाले, "साडेनवाची."

पोट्टं तोंडात बोर घेऊन या दोघांकडं बघत राहिलं. सहा वर्षं त्याचंच काम होतं हे.

"मोठेबाबा, मंग मी सांगू का नोको?"

"सांग ना," बाबा म्हणाले. "तुह्यावालं काम हाये थे."

"साडेनवाची म्हनते."

"बरं."